पास दिल्यानंतरचे पाऊल

प्रिय खेळाडूस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. फुटबॉलच्या सरावात हमखास जमणारा वन-टू, म्हणजे सहकारीला पास देऊन धावत चेंडू परत घेण्याची चाल, सामन्यात मात्र का फसतो, असे तू विचारले आहेस आणि त्याची दोन कारणेही तूच सुचवली आहेस. एक तर तुझा पास कच्चा असावा, नाहीतर समोरची सहकारी चेंडू वेळेवर परत देत नसावी. पत्र मी दोनदा वाचले. पास कसा दिलास, कोणत्या पायाने दिलास, चेंडू किती जोरात गेला, हे सगळे तू बारकाईने लिहिले आहेस. परंतु चेंडू पायातून सुटल्यानंतर तू स्वतः काय केलेस, याबद्दल त्यात एकही वाक्य नाही. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचे उत्तर या न लिहिलेल्या वाक्यातच आहे, म्हणून हे पत्र मुख्यतः त्याबद्दल लिहीत आहे.

चाल तुला माहीत आहे, तरीही ती एकदा नीट मांडतो, कारण सोप्या गोष्टींमधली हाडे आपल्याला दिसेनाशी होतात. तुझ्याजवळ चेंडू आहे आणि समोर एक बचावपटू आहे. तुझी सहकारी तिरक्या दिशेने थोडी पुढे उभी आहे. तू तिला चेंडू देतेस, बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत धावतेस आणि ती चेंडू पहिल्याच स्पर्शात तुझ्या धावेच्या पुढे सोडते. फुटबॉलमध्ये याला वन-टू किंवा वॉल पास म्हणतात आणि बास्केटबॉलमध्ये गिव्ह अँड गो. दोघी मिळून एकीला मागे टाकतात, एवढाच हिशोब आहे. मोठमोठ्या संघांच्या गुंतागुंतीच्या चाली उलगडून पाहिल्या, तर त्यांत हाच हिशोब वेगवेगळ्या जागी मांडलेला दिसतो.

हा हिशोब जुळतो याची दोन कारणे आहेत. पहिले कारण वेगाचे. समज, तुझा पास सहा मीटरचा आहे, परतीचा पासही सहा मीटरचा आहे आणि चेंडू सेकंदाला बारा मीटर जातो आहे. चेंडूचा सारा प्रवास एका सेकंदात संपतो. त्या सेकंदात तू आधीपासून धावत्या पायांवर असशील, तर पाच मीटर सहज कापशील; पण बचावपटू तुझ्याकडे तोंड करून उभी आहे, तिला आधी काय घडते आहे ते उमगावे लागते, मग वळावे लागते आणि त्यानंतर कुठे धावायला सुरुवात करता येते. डोळ्यांनी पाहून शरीराने पहिली हालचाल करायलाच माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि वळण्याचा वेळ त्यावर वेगळा. तू तिच्यापेक्षा वेगवान नसलीस तरी चालते. तिच्याआधी निघालीस, की पुरते.

दुसरे कारण डोळ्यांचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. चेंडू सुटला, की मैदानावरच्या बहुतेक सगळ्या नजरा चेंडूमागे जातात. तुझी बचावपटू कितीही शिस्तीची असली, तरी चेंडू पायापासून दूर जाताना तिची मान किंचित वळते आणि तेवढा वेळ तू तिच्या दृष्टीने मैदानावर नसतेस. संपूर्ण खेळात इतक्या खात्रीने मिळणारा मोकळा क्षण दुसरा नाही. तो कुणी तुला देत नाही, तुझा स्वतःचा पासच तो निर्माण करतो. आणि नेमक्या त्याच क्षणी बहुतेक नवे खेळाडू आपला पास नीट पोहोचला का, हे पाहत उभे राहतात.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. सरावात तुझ्यासमोर शंकू असतो किंवा अर्ध्या मनाने उभी राहिलेली मैत्रीण असते. तिथे पास देऊन, पाहून, मग धावलीस तरी चालते, कारण शंकू वळत नाही. सामन्यात हे पाहण्यातले अर्धे सेकंद म्हणजे बचावपटूला मान परत फिरवून तुझ्या वाटेत उभे राहायला पुरेसा वेळ. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की पास देणारा पाय जमिनीवर टेकतो ते तुझ्या धावेचे पहिले पाऊल असले पाहिजे. चेंडू मारून पाय मागे घ्यायचा, तोल सावरायचा आणि मग निघायचे, असे तीन टप्पे असता कामा नयेत. पायाच्या आतल्या बाजूने पास देताना तुझे शरीर मागे झुकले असेल, तर पाऊल पुढे पडणारच नाही. छाती चेंडूच्या वर असेल, तर पास खाली राहील आणि त्याच झोकात पाय पुढे टेकेल. बास्केटबॉलमध्येही हेच आहे. छातीजवळून पास सोडताना पुढे टाकलेले पाऊल मागे ओढून सरळ उभा राहणारा खेळाडू पास चांगला देतो, पण तिथल्या तिथे खेळातून बाहेर पडतो.

पाऊल पडल्यावर धाव पूर्ण करायची, हे दुसरे. चेंडू परत येणार असे दिसले तरच धावायचे, ही सवय फार घातक आहे. 22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने जो पहिला गोल केला, तो हाताने केलेला असल्याने सदैव वादाचाच राहील आणि त्याचे समर्थन मी करणार नाही; परंतु त्या गोलाच्या आधीचे काही क्षण तू अवश्य पाहा. मॅराडोनाने सहकारी व्हाल्डानोला पास दिला तो वन-टूसाठीच. व्हाल्डानोला चेंडू नीट आवरता आला नाही, परतीचा पास आलाच नाही आणि इंग्लंडच्या हॉजने चेंडू उडवला तो स्वतःच्याच गोलकीपरच्या दिशेने. चाल मोडली होती, तरीही मॅराडोना त्या जागी पोहोचलेला होता, कारण पास दिल्यापासून तो थांबलाच नव्हता. हाताचा प्रकार बाजूला ठेव आणि ती धाव तेवढी घे.

पहिल्या पासची वेळ मात्र तुला शिकावी लागेल, कारण तुझ्या वर्णनावरून तू तो फार लवकर देतेस असे दिसते. बचावपटू पाच-सहा मीटरवर असताना पास दिलास, तर तिला काहीच सोडावे लागत नाही. ती दोन पावले मागे सरकते आणि तुझी वाटही अडवते, परतीचा पासही. चेंडू घेऊन तिच्या अंगावर जायला शीक. ती थांबते, गुडघे वाकवते, वजन पुढच्या पायावर घेते आणि चेंडू हिसकावण्याच्या बेतात येते; हे साधारण दोन मीटरच्या अंतरावर घडते आणि तोच पास देण्याचा क्षण असतो. आणखी जवळ गेलीस, तर चेंडू तिच्या पायाला लागेल. हे अंतर मीटरपट्टीने शिकता येत नाही, तिच्या पायांकडे पाहूनच शिकता येते: पुढचा पाय जड झाला, की तो चटकन मागे येत नाही. पास सहकारीच्या पायात, खणखणीत आणि जमिनीलगत दे. उसळता चेंडू एका स्पर्शात परत देणे अनुभवी खेळाडूंनाही कठीण जाते, आणि असा पास दिल्यावर दोष तिच्यावर ढकलणे योग्य नाही.

धाव कोणत्या बाजूने काढावी, याबाबत फुटबॉलपेक्षा बास्केटबॉलकडून अधिक शिकण्यासारखे आहे, कारण तिथे जागा कमी असते आणि बचाव माणसागणिक केलेला असतो. चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखालचा बचावपटू तू पास देताच चेंडूच्या दिशेने एक पाऊल उडी घेतो. हेतू हा, की चेंडू आणि तू यांच्यामध्ये त्याने यावे, म्हणजे तुला त्याच्या पुढून कापत बास्केटकडे जाता येऊ नये. त्याने ही उडी घेतली नाही, तर पुढून जा. सहकाऱ्याला तुझी छाती आणि पसरलेले हात दिसतील आणि पास सोपा होईल. त्याने उडी घेतली, तर त्याची पाठ उघडी पडली. मग चेंडूकडे एक खोटे पाऊल टाक, त्याला आणखी थोडे ओढ आणि पाठीमागून बास्केटकडे सूर मार. या मागच्या वाटेला बॅकडोअर म्हणतात. मार्च 1996 मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन स्पर्धेत प्रिन्स्टनच्या संघाने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला 43-41 असे हरवले, तेव्हा शेवटच्या क्षणांतला निर्णायक बास्केट गुडरिचच्या पासवर लेव्हुलिसने अशाच मागच्या वाटेने केला होता. उंचीत आणि उडीत सरस असलेल्या संघाविरुद्ध त्यांच्याजवळ दुसरा उपाय फारसा नव्हता, आणि तोच उपाय पुरला. पुढून की मागून, हे तू आधी ठरवून जाऊ नकोस. बचावपटूचे पहिले पाऊल तुला ते सांगते. त्यासाठी पास देताना चेंडूकडे न पाहता तिच्याकडे पाहण्याची सवय हवी, आणि ती लागायला वेळ लागतो.

इथवर मी पास देऊन धावणारीबद्दल लिहिले. आता जिच्याकडे चेंडू जातो आणि जिच्याकडून तो परत येतो, तिच्याबद्दल लिहितो. तिला आपण भिंत म्हणतो आणि त्यामुळे तिचे काम निर्जीव समजले जाते, हे मला मुळीच मान्य नाही. तुझ्या संघात सगळ्यांना धावणारी व्हायचे असते आणि भिंत व्हायला कुणी राजी नसते, असे तू लिहिले आहेस. तू राजी हो. भिंतीचे काम जिला नीट येते, तिच्याभोवती संघ उभा राहतो.

पहिली गोष्ट, भिंतीने पास येण्याच्या आधीच सगळे पाहिलेले असले पाहिजे. चेंडू वाटेत असताना एकदा खांद्यावरून मागे नजर टाकायची: आपला बचावपटू किती जवळ आहे, धावणारी कोणत्या बाजूने निघाली, तिच्यापुढे जागा किती. चेंडू पायाशी आल्यावर मान वर करून शोधाशोध सुरू केली, की क्षण गेला. दुसरी गोष्ट उभे राहण्याची. बचावपटूच्या मागे लपून उभी राहिलीस, तर पास येणारच नाही. तिच्यापासून दोन-तीन पावले सुटून, चेंडूकडे सरकत, शरीर अर्धे उघडे ठेवून उभी राहा, म्हणजे एका नजरेत पास देणारीही दिसते आणि परतीची जागाही. तिसरी गोष्ट, परतीचा पास धावणारीच्या पायात द्यायचा नसतो, तिच्या पुढच्या जागेत द्यायचा असतो. पायात दिलेला पास तिला थांबवतो आणि जी बचावपटू मागे पडली होती, तिला परत गाठ घालून देतो. किती पुढे द्यायचा हे धावणारीच्या वेगावर आणि पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या बचावपटूच्या अंतरावर ठरते. जागा कमी असेल तर पास हळुवार लागतो, आणि नव्या खेळाडूंना जोरकस पासपेक्षा हळुवार पासच जास्त छळतो. येणाऱ्या चेंडूचा वेग आधीच पुरेसा असतो, म्हणून पाय त्यावर आपटायचा नसतो, फक्त कोन बदलायचा असतो. घोटा घट्ट, तळवा किंचित वळवलेला, आणि चेंडू आला त्याच्या निम्म्या जोराने निघाला, की काम झाले.

कधी कधी तेवढेही लागत नाही. 27 एप्रिल 2011 रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध बार्सिलोनाच्या मेस्सीने केलेला दुसरा गोल लोकांच्या लक्षात आहे तो त्याने एकामागून एक चुकवलेल्या बचावपटूंमुळे. त्याची सुरुवात मात्र मेस्सीने सहकारी बुस्केट्सला दिलेल्या छोट्या पासने झाली. बुस्केट्सने चेंडू कुठेही मारला नाही. तो पायाशी रोखून धरला आणि मेस्सी धावत येऊन तो जागच्या जागी घेऊन गेला. परतीचा पास म्हणावा असा पासच तिथे नव्हता. समोरचा धावतो आहे, त्याचा वेग तयार आहे आणि आपण काहीही जास्तीचे केले तर बिघडेल, एवढे ओळखून थांबणे ही भिंतीची फार वरची पायरी आहे.

भिंतीने प्रत्येक वेळी चेंडू परत द्यावाच असेही नाही. दोघींची चाल बचावाला एकदा कळली, की दुसरी बचावपटू परतीच्या वाटेवर आधीच पाऊल टाकते. तिने ते टाकले, की भिंतीमागची जागा मोकळी होते. मग भिंतीने वळून स्वतःच निघावे किंवा चेंडू तिसरीकडे द्यावा. धावणारी बचावपटूला आपल्याबरोबर ओढून घेऊन गेलेलीच असते. म्हणून वन-टू दहा वेळा खेळला आणि त्यातले काहीच पास परत आले, तर बाकीचे वाया गेले असे समजू नकोस. तुझ्या पत्रात एक तक्रार आहे, की तू धावतेस आणि ती दुसरीकडेच पास देते. ज्या धावेमुळे बचाव हलला आणि दुसरीला जागा मिळाली, ती धाव तुझीच असते; तिची नोंद गोलफलकावर होत नाही, पण तुझ्या प्रशिक्षकांना ती नक्की दिसते. मीही संघ निवडताना तीच पाहतो.

ही चाल इतकी स्वाभाविक वाटते, की ती कायमच होती असे आपण धरून चालतो. फुटबॉलमध्ये तसे नव्हते. 1863 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले, त्यांत चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक खेळाडू ऑफसाइड, म्हणजे चेंडू खेळण्यास अपात्र, ठरत असे. त्या नियमाखाली वन-टू अशक्यच होता, कारण पास देऊन पुढे धावलेला खेळाडू परतीच्या पासच्या क्षणी चेंडूच्या पुढे असणार आणि म्हणून बाद असणार. 1866 मध्ये नियम सैलावला; पुढे किमान तीन प्रतिस्पर्धी असतील, तर चेंडूच्या पुढे राहण्याची मुभा मिळाली आणि पुढच्या दिशेने पास देण्याला अर्थ आला. तरीही पुष्कळ इंग्लिश खेळाडू चेंडू घेऊन एकट्याने घुसण्यालाच खेळ मानत राहिले. 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोजवळ स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचा संघ क्वीन्स पार्क या क्लबच्या खेळाडूंचा होता आणि ते एकमेकांना चेंडू देत खेळत. सामना 0-0 असा सुटला, पण पास देऊन खेळण्याची ही पद्धत पुढे सगळीकडे रुजली. 1925 मध्ये तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी असा बदल झाला आणि धावणाऱ्याला आणखी मोकळीक मिळाली. या चालीवरच सबंध संघाचा खेळ उभा करता येतो, हे इंग्लंडच्या टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबने दाखवले: आर्थर रो यांच्या हाताखाली या संघाने चेंडू द्या आणि लगेच धावा, या एकाच तत्त्वावर 1949-50 मध्ये दुसरी श्रेणी आणि लगेच 1950-51 मध्ये पहिली श्रेणी जिंकली.

बास्केटबॉलचा जन्म तर पासमधूनच झाला. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी जे तेरा नियम तयार केले, त्यांनुसार चेंडू घेऊन धावण्यास मनाई होती; तो जिथे पकडला तिथूनच फेकायचा. स्वतः हलायचे असेल, तर आधी चेंडू सोडायचा, हे त्या खेळाने पहिल्या दिवसापासून शिकवले, आणि 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ओरिजिनल सेल्टिक्स संघाने गिव्ह अँड गोला त्याचे घोटीव रूप दिले. नेटबॉलमध्ये आजही चेंडू हाती आल्यावर तीन सेकंदांत सोडावा लागतो, त्यामुळे पास दिल्यावर उभी राहणारी खेळाडू तिथे काही मिनिटांतच उघडी पडते. तुझ्या शाळेत हा खेळ असेल तर अवश्य खेळ. रग्बीमध्ये हाताने पुढे पास देता येत नाही, म्हणून धावणारा पास देऊन सहकाऱ्याच्या पाठीमागून वळसा घालतो आणि दुसऱ्या बाजूने चेंडू परत घेतो. हॉकीत स्टिकची सपाट बाजूच वापरता येत असल्याने डावीकडचा पास सहज सुटतो आणि उजवीकडे देताना पाय आणि शरीर वळवावे लागतात. भिंत कोणत्या बाजूला घ्यायची हे तिथे या एका गोष्टीवर ठरते. प्रत्येक खेळाचा नियम वेगळा, धावेचा आकार वेगळा, पण पास सुटल्यानंतरचे पहिले पाऊल सगळीकडे तेच.

नियमांवरून दोन कामाच्या गोष्टी सांगतो, कारण त्या सामन्यात लगेच उपयोगी पडतात आणि त्या कुणी फारसे शिकवत नाही. पहिली थ्रो-इनची. चेंडू आत टाकणारी खेळाडू रेषेबाहेर असते, त्यामुळे तिला कुणी धरत नाही. चेंडू टाकून ती आत आली, की मैदानावरची सगळ्यात मोकळी खेळाडू तीच असते. दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत तिला चेंडूला हात किंवा पाय लावता येत नाही, एवढेच. जवळच्या सहकारीने एका स्पर्शात परत दिला, की वन-टू तयार. बास्केटबॉलमध्ये बाहेरून चेंडू आत देणाऱ्यालाही हेच लागू आहे. दुसरी गोष्ट कॉर्नरची. कॉर्नर किकवरून थेट येणाऱ्या चेंडूला ऑफसाइड नाही, म्हणून अनेक जणी छोटा कॉर्नर घेतात आणि चेंडू परत मागतात. पण परतीच्या पासच्या वेळी कॉर्नर घेणारी अजून गोलरेषेजवळच रेंगाळत असेल, तर ती चेंडूच्याही पुढे आणि बहुतेक बचावपटूंच्याही पुढे असते आणि ऑफसाइडचा झेंडा वर जातो. कॉर्नर मारल्याबरोबर मैदानात आत आणि चेंडूच्या मागे यायचे. इथेही प्रश्न पास दिल्यानंतरच्या पावलाचाच आहे.

धावताना तुला कुणी अडवेल, हे गृहीत धर. वन-टूने मागे पडलेली बचावपटू पुष्कळदा मुद्दाम तुझ्या वाटेत खांदा आणते. चेंडू खेळण्याच्या अंतरात नसताना असे अडवणे फुटबॉलमध्ये फाउल आहे, आणि धक्का लागला असेल तर थेट फ्री किक मिळते. पंचांकडे पाहत हात वर करून उभी राहू नकोस. शिट्टी वाजेपर्यंत धावत राहा.

सरावाबद्दल विचारले आहेस. शंकू काढून टाक, ही माझी पहिली विनंती. तिघी जणी घ्या, दहा मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखा, दोघींकडे चेंडू आणि एक मध्ये. नियम एकच ठेवा: पास दिल्यावर जी जागेवर उभी राहील, ती मध्ये जाईल, मग पास कितीही सुंदर असो. पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्या सारख्या मध्ये जाल आणि चिडाल. ते ठीक आहे. हे अंगवळणी पडले, की मधल्या मुलीला सांगा, की तिने कधी चेंडूकडे उडी घ्यावी आणि कधी मागे राहावे, म्हणजे पुढून जायचे की मागून, हे पाहून ठरवण्याची सवय लागेल. तिसरा टप्पा भिंतीचा. पास वाटेत असताना मागून कुणीतरी बोटे वर करावीत आणि भिंतीने चेंडूला पाय लावण्याआधी आकडा मोठ्याने सांगावा. आकडा चुकला, तर तिने मागे पाहिले नाही, हे सगळ्यांना कळते. एकटी असशील, तेव्हा खरीखुरी भिंत आहेच. मात्र चेंडू मारून तो परत येईपर्यंत उभी राहू नकोस, तिरका मार आणि तो जिथे येणार तिथे धावत पोहोच. दोन्ही पायांनी कर. तुझा डावा पाय अजून कच्चा आहे, त्यामुळे तू कायम एकाच बाजूने निघतेस आणि चांगली बचावपटू हे दोन चालींत ओळखते.

सामना पाहतानाही थोडी पद्धत बदल. ऑक्टोबर 2013 मध्ये आर्सेनलच्या विल्शरने नॉर्विचविरुद्ध काझोर्ला आणि जिरू या सहकाऱ्यांशी एकेका स्पर्शात पास बदलत जो गोल केला, तो तुला ठाऊक असेल. तो पुन्हा बघ, पण या वेळी चेंडू पाहू नकोस, केवळ विल्शरचे पाय पाहा. मग तुझ्या वयाच्या मुलींचा कोणताही सामना घे आणि पास देणाऱ्या प्रत्येकीकडे पास सुटल्यानंतरचे दोन सेकंद बघ. कोण निघते, कोण उभी राहते, आणि उभी राहणारीच्या बचावपटूला पुढे किती आराम मिळतो, हे वहीत लिहून काढ.

पुढच्या सामन्यानंतर मला लिही. गोल झाले की नाही याबद्दल थोडे आणि पास दिल्यानंतर कुठे गेलीस याबद्दल जास्त. तिसऱ्या खेळाडूच्या धावेबद्दल तू जे विचारले आहेस, त्याचे उत्तर त्या पत्रानंतर देईन, कारण दोघींचा हा खेळ पायात बसल्याशिवाय तिघींचा नीट समजत नाही.

तुझा शुभचिंतक